माळ्यावर जुन्या कॅनिंगच्या बरण्या सापडल्यात, मटार-टोमॅटो भरता येतील का?

रामबाग_इंदूर:

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. गेल्या आठवड्यात घराला रंग काढला म्हणून माळा रिकामा केला, तर पितळी हंड्यांच्या मागे एक लाकडी खोकं निघालं आणि त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या, मोजल्या तर चौदा. सासूबाईंना दाखवल्या तर त्या लगेच म्हणाल्या अगं ह्या तर आत्याबाईंच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आत्या. त्या इथे मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या (इंदूरला कॅनडाचं मिशन १८७७ पासून होतं) आणि तिथल्या मडमा मायदेशी परत जाताना घरातलं सामान वाटून गेल्या त्यातल्या ह्या बरण्या. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा आत्याबाई दर जूनमध्ये ह्यात आंब्याचा रस भरून ठेवायच्या आणि दिवाळीच्या पाडव्याला काढायच्या, सगळ्या वाड्यात फक्त आमच्याकडे पाडव्याला रस-पुरी असायची असं त्या सांगत होत्या.

आता बरण्यांचं वर्णन करते म्हणजे कुणाला कळलं तर सांगा. काच खूप जाड, थोडी निळसर हिरवी, उजेडात धरली की आत बारीक बुडबुडे दिसतात. झाकण पण काचेचंच, चपटं, आणि त्यावरून पत्र्याची आट्यांची रिंग फिरवून बसवायची. झाकण आणि काठ यांच्यामध्ये रबराची रिंग आहे पण ती पार वाळून गेलीये, हातात घेतली तर तुकडे पडले. पुढे उठावाच्या अक्षरात इंग्रजीत जेम लिहिलंय आणि बुडाशी मेड इन कॅनडा. बरण्यांसोबत एक भलंमोठं निळं एनॅमलचं भांडं आहे ज्यात तारेची जाळी बसते, बरणी उचलायचा लांब चिमटा आहे, रुंद तोंडाचं नरसाळं आहे, आणि एक लोखंडी हातदाब आहे ज्याने सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच बसवतात. हा दाब अजून एकदम व्यवस्थित चालतोय, तेल दिल्यावर तर लोण्यासारखा.

सध्या चोइथराम मंडीत मटार आणि टोमॅटो दोन्ही इतके स्वस्त मिळतायत की पोतं उचलावंसं वाटतं. माझा फ्रीजर छोटा आहे आणि आमच्या भागात लाइट फार जाते, मागच्या मे मध्ये सहा किलो मटार वितळून वास मारायला लागले ते सगळे टाकावे लागले, तेव्हा मला खरंच रडू आलं होतं. म्हणून वाटलं की आत्याबाईंची पद्धत परत सुरू करावी, वीज नको काही नको, बरणी फळीवर ठेवली की झालं. तर माझे प्रश्न असे की ह्या बरण्यांत मटार भरून भांड्यात उकळल्या तर टिकतील का, किती वेळ उकळायच्या, रबराच्या रिंगा कुठे मिळतील, आणि घरच्या प्रेशर कुकरमध्ये बरणी ठेवून शिट्ट्या काढल्या तर चालेल का? सासूबाईंना रसाचं आठवतंय पण वेळ-प्रमाण काही आठवत नाही.

लष्करची_काकू:

अगं वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी ग्वाल्हेरची, लष्करात आमचं जुनं घर. आम्ही टोमॅटोच्या बाटल्या भरायचो साधारण १९७५ पासून पुढे पंधरा-वीस वर्षं, माझ्याकडे पण तसाच बुचाचा हातदाब होता. तुला आमची रीत सांगते.

टोमॅटो उकळत्या पाण्यात बुचकळून सालं काढायची, कुस्करून शिजवायचे, आणि हे लक्षात ठेव की पितळी पातेलं घेतलंस तर कल्हई ताजी हवी, नाहीतर आंबटाने सगळं कळकतं, आम्ही नंतर स्टीलच वापरायला लागलो. बरण्या आधी गरम पाण्यात ठेवायच्या, गरम बरणीत गरम रस, काठापासून बोटभर जागा सोडायची आणि काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा कारण काठावर एक बी जरी राहिलं तरी हवा शिरते. मग मोठ्या भांड्यात तळाशी जुनं धोतर चार घड्या घालून, त्यावर बरण्या, मध्ये मध्ये चिंध्या म्हणजे एकमेकींवर आपटत नाहीत. तुझ्याकडे जाळी आहे तर धोतराची गरज नाही. पाणी झाकणाच्या वर दोन बोटं पाहिजे. आट्याची रिंग पूर्ण घट्ट करायची नाही, घट्ट करून पाव आटा मागे घ्यायची म्हणजे आतली हवा बाहेर पडते, आणि बाहेर काढल्या काढल्या फडक्यात धरून लगेच आवळायची.

आणि काढलेली बरणी ओट्यावर ठेवू नकोस. एका वर्षी माझ्या नणंदेने घाईत कडप्प्यावर ठेवली, बाहेर ग्वाल्हेरची जानेवारीची थंडी, आणि उचलायला गेली तर बरणी हातात आणि बूड ओट्यावर, अख्खी चकती कापल्यासारखी निघाली आणि लाल रस पायावर. लाकडी पाटावर टॉवेल घालून ठेवायच्या, वरून टॉवेल पांघरायचा, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी चमच्याने झाकणावर टिचकी मारायची, टण वाजलं तर धरली, बद्द वाजलं तर ती आजच्या भाजीत.

पण मटार आम्ही कधीच बाटलीत भरला नाही. सासूबाई म्हणायच्या मटाराला बाटली सोसत नाही. शेजारच्या बिऱ्हाडात एका वर्षी हौसेने भरला होता, पंधरा दिवसांत दाण्यांवरचं पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि एक बूच रात्री उडून छताला लागलं. मटार आम्ही वाळवायचो.

तूपसाखर:

एवढा उकळायचा खटाटोप मी करत नाही. मी केचप आणि जॅम कढईतून उकळता उकळता बाटलीत ओतते, झाकण लावते आणि पाच मिनिटं बाटली उलटी ठेवते, व्हॅक्यूम आपोआप होतो. जॅमवर मेणबत्तीच्या मेणाचा थर देते, आईची तीच पद्धत होती. आणि ओव्हन असेल तर बरण्या ओव्हनमध्ये तासभर ठेवल्या तरी चालतं असं एका मैत्रिणीने सांगितलंय, तिच्या चिंचेच्या चटणीचं काही बिघडलं नाही. रामबाग ताई तुम्ही सोप्यातून सुरुवात करा, उगाच घाबरू नका.

दांडियाबाजार:

मी बडोद्याला होम सायन्स शिकले आणि पुढे बरीच वर्षं बायकांना फळं टिकवण्याचे वर्ग घेतले, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर माफ करा पण हे अर्धवट कळून चालत नाही.

काकूंच्या सासूबाईंचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू असतो, त्याची बीजं उकळत्या पाण्यात मरत नाहीत, तासन्‌तास उकळा तरी राहतात. आणि बाटली सील झाली की आत हवा नाही, ओलावा आहे, घरचं तापमान आहे, म्हणजे त्याला हवी तशीच जागा आपण तयार करून देतो. तो जे विष तयार करतो त्याला वास नाही, चव नाही, बूच उडेलच असंही नाही. त्या बिऱ्हाडातलं बूच उडालं ते नशीब म्हणायचं, कारण त्यामुळे कुणी खाल्लं नाही. त्याला रोखणारी गोष्ट म्हणजे आंबटपणा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट; तो ४.६ च्या खाली असेल तर ती बीजं उगवत नाहीत आणि मग साध्या उकळत्या पाण्याने काम होतं. मटार, मका, फरसबी, गाजर, मशरूम हे सगळे ४.६ च्या वर, म्हणून त्यांना ११६ अंश लागतात आणि ते फक्त दाबाखाली मिळतात. अमेरिकेच्या शेती खात्याने १९१७ सालीच सांगून ठेवलं होतं की अशा भाज्यांना प्रेशर कॅनरच पाहिजे, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं खास मोठं भांडं.

आता कुकरचा प्रश्न. आपल्या कुकरच्या शिट्टीला आत जवळजवळ १२१ अंश होतात त्यामुळे वाटतं की झालंच की, पण मटाराची जी ४० मिनिटांची वेळ पुस्तकात असते ती मोठ्या जाड कॅनरवर तपासलेली आहे. तो तापायला वेळ घेतो, थंड व्हायला वेळ घेतो आणि त्या वेळात पण बीजं मरत असतात, तो हिशोब त्या ४० मिनिटांत धरलेला आहे. आपला पाच लिटरचा कुकर पटकन तापतो पटकन उतरतो, शिवाय वजन ठेवण्याआधी दहा मिनिटं सलग वाफ सोडून आतली हवा काढावी लागते ते आपण कुणीच करत नाही, आणि हवा राहिली की शिट्टी वाजते पण तापमान तेवढं चढत नाही. तेव्हा ताई, कुकरमध्ये मटाराची बरणी कृपा करून करू नका. मी वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगायचे आणि शेवटच्या दिवशी परत सांगायचे.

तूपसाखर, तुमचा राग नाही पण उलटी बाटली आणि मेण ह्या दोन्ही पद्धती आता सोडून द्या. उलटी ठेवून झाकण थोडं चिकटतं पण बाटलीत वर जी हवा राहते ती तशीच राहते, आणि मेण थंड होताना आकसतं, कडेने केसाएवढी फट पडते, त्यातून बुरशी खाली जाते. जॅमला साखर आणि आंबटपणा भरपूर म्हणून निभावतं, तरी पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळून घेतलं तर काय बिघडतं? ओव्हन तर नकोच, कोरडी उष्णता बरणीच्या मधोमध पोचत नाही आणि काच फुटून लोकांचे चेहरे भाजलेत.

टोमॅटो मात्र जरूर करा. फक्त टोमॅटो आंबटपणाच्या अगदी काठावर असतो, हल्लीचे गोडसर टोमॅटो ४.६ च्या वरही जातात, म्हणून लिटरच्या बरणीला अर्धा छोटा चमचा सायट्रिक अॅसिड घालायचंच, अर्ध्या लिटरला पाव. तुमच्याकडे किराण्यात टाटरी म्हणून मिळेल, आम्ही लिंबूचे फूल म्हणतो. ताज्या लिंबाचा भरवसा नसतो, प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. आणि एक गोष्ट इंदूरकरांनी विसरायची नाही, तुम्ही समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहात, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे बडोद्याला कुस्करलेल्या टोमॅटोची लिटरची बरणी मी ४५ मिनिटं उकळते तर तुम्हाला ५० लागतील, अर्ध्या लिटरला इथे ३५ आणि तुमच्याकडे ४०. ग्वाल्हेर २०० मीटरच्या आसपास आहे, काकूंना आमचीच वेळ चालेल. वेळ पाणी खळखळायला लागल्यापासून मोजायची, मध्ये उकळी मोडली तर परत शून्यापासून.

आमरसाचं जरा अवघड आहे. पिकलेल्या आंब्याचा आंबटपणा जातीवर आणि पिकण्यावर बदलतो, काही आंबे ४.६ च्या वर जातात. आत्याबाई बहुतेक रायवळ आंबट आंबे घेत असतील किंवा त्यात काहीतरी आंबट घालत असतील. तुम्ही पीएच मीटरने मोजल्याशिवाय रस फळीवर ठेवू नका, फ्रीजरमध्ये जेवढा मावेल तेवढाच करा. पीएचच्या कागदी पट्टीवर पिवळ्या रसाचा रंग नीट वाचताच येत नाही.

बुचाचा हातदाब सरबतांसाठी सोनं आहे. स्क्वॅश करून बाटलीत भरा, त्यात टिकण्यासाठी केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, किलोला ०.६ ग्रॅमच्या आसपास, चमचाभर पाण्यात विरघळवून, स्क्वॅश गार झाल्यावरच. गरमात घातलं तर उडून जातं. जांभूळ, फालसा, कोकम यांना केएमएस नको, रंग पांढरट पडतो, त्यांना सोडियम बेंझोएट.

जुनी_काच:

मला जुन्या बाटल्या-बरण्या जमवायचा नाद आहे म्हणून बरण्यांपुरतं लिहितो. ताई, तुमच्याकडच्या जेम बरण्या खास कॅनडाच्या, अमेरिकेत हे माप चालत नाही. आतून तोंड किंवा झाकण मोजून बघा, जेमला ७८ मिलिमीटरचं झाकण लागतं आणि आज बाजारात मेसन बरणी म्हणून जी मिळते तिचं नेहमीचं झाकण ७० चं. म्हणजे नवीन झाकण आणून ह्यावर बसवू म्हटलं तर ते बसणार नाही, आणि जोर करून बसवलं तर वरून बसल्यासारखं वाटेल पण धरणार नाही. रबराची रिंग कुणी साधी वॉशर कापून देतो म्हटला तरी घेऊ नका, खाण्याचं रबर वेगळं असतं.

ह्या आट्याच्या बरणीची सुरुवात जॉन लँडिस मेसन नावाच्या माणसाने केली, त्याने ३० नोव्हेंबर १८५८ ला पेटंट घेतलं. त्याआधी बाटलीला बूच लावून वर लाख नाहीतर मेण ओतायचे. काचेत भरून उकळायची मूळ कल्पना त्याही आधीची, फ्रान्समधल्या निकोला अपेर ह्या मिठाईवाल्याची. त्याने वर्षानुवर्षं खटपट करून १८१० मध्ये पद्धत छापली आणि सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले, आणि हे सगळं जंतू म्हणजे काय हे पाश्चरने दाखवायच्या कितीतरी आधी. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. कुणाकडे ३० नोव्हेंबर १८५८ असं कोरलेली बरणी असेल तर ती तेव्हाची समजू नका, ती पेटंटची तारीख पुढे कित्येक दशकं छापत होते.

बरणीच्या काठावरून बोट फिरवा, डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लागतो. टवका असेल ती बरणी उकळायला बाद. आणि जस्ताच्या रिंगेला पांढरी भुकटी आली असेल तर ती आंबटाला लागू देऊ नका.

रामबाग_इंदूर:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मटाराचा विचार सोडला. दांडियाबाजार ताईंचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना आठवलं की आत्याबाई रसात कैरी उकडून तिचा गर घालायच्या, आम्हाला वाटायचं चवीसाठी. झाकणं मोजली तर जुनी_काच म्हणतात तशी बरोबर ७८. चौदातल्या पाच बरण्यांना काठावर टवके निघाले. म्हणून उकळायला नवीन अर्ध्या लिटरच्या आठ बरण्या मागवल्या, दोन भागांच्या झाकणाच्या, आणि भांडं, जाळी, चिमटा, नरसाळं मात्र आत्याबाईंचंच वापरलं. आठही बरण्या त्या जाळीत अशा बसल्या की जणू मापानेच केल्यात.

टाटरी सियागंजातून आणली, पाव चमचा प्रत्येक बरणीत आधीच टाकून ठेवला म्हणजे विसरायला नको. खळखळल्यापासून ४० मिनिटं घड्याळ लावून. मग पाटावर टॉवेलात ठेवल्या आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो, थोड्या वेळाने पहिलं झाकण टिक् करून आत बसलं. सासूबाई बोटांवर मोजत होत्या. झोपेपर्यंत सात टिक् झाले, आठवं झालं नाही, सकाळी दाबलं तर वरखाली होत होतं, त्या बरणीचं सार केलं. सातही बरण्यांच्या रिंगा काढून नुसत्या झाकणावर उचलून बघितल्या, एक पण सुटली नाही. तारीख लिहून फळीवर ठेवल्यात.

टवके नसलेल्या नऊ जुन्या बरण्या घासून उन्हात वाळवल्यात, त्यात उन्हाळ्यात साखरांबा आणि छुंदा भरीन, काचेचं झाकण न लावता दादरा बांधून.

काकू, तुमच्या सांगण्यावरून दोन किलो मटार वाळवले. रंग छान हिरवा राहिलाय पण काल रात्रभर भिजवून उसळ केली तर आतला दाणा मऊ आणि साल चिवट, मुलांनी सालं काढून ताटाच्या कडेला ठेवली. काय चुकलं असेल?

लष्करची_काकू:

टोचले नाहीस ना? उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायचे, त्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, मग लगेच गार पाण्यात. निथळले की प्रत्येक दाण्याला एकदा सुईने टोचायचं आणि मग सावलीत पसरायचे, उन्हात नाही. दोन किलोला दोघी बसलात तर दुपार जाते. टोचलेला दाणा आतून पण वाळतो आणि भिजवला की पाणी तिथूनच आत शिरतं. आता वाळलेत ते फेकू नकोस, भरड दळून घे, आमटीला लावायला आणि कटलेटला छान होतात.